दोनचा आकडा

जहांआरा पटेलला मी पहिल्यांदा भेटलो ते उस्मानपुऱ्यात, तिच्या वडिलांच्या दुकानात. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. फारूखभाईंचा धंदा मोटार वाइंडिंगचा. जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. मागच्या भिंतीला लागून पत्रा दाबायची एक जुनी छोटी प्रेस वर-खाली होत होती आणि ही दाराशी स्टुलावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

मला नानासाहेबांनी पाठवलं होतं. नानासाहेब म्हणजे देवगाव रंगारीचं मोठं शेतीवालं घर. त्यांनी चिकलठाण्याला कंपनी काढली होती. मशिनी चालवणाऱ्या कंट्रोलरच्या पेट्या आम्ही बनवायचो आणि त्या वापरायच्या कशा हे गिऱ्हाइकांना शिकवायला मी हिंडायचो. फारूखभाईही मूळचे देवगावचेच, नानासाहेबांच्या बरोबरीचे. "फारूखची पोरगी कायतरी करतीय म्हणतात. बघून ये," एवढंच ते म्हणाले होते.

"पूछो मत," फारूखभाई मला म्हणाले. "इंजिनिअरिंग करी, पुणे में नौकरी लगी, छोड को आ गई. अब मशीन से मराठी में बातां करती."

ते खरंच होतं. तिनं एक भाषा तयार केली होती, कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, आणि तिच्यातले शब्द मराठी होते. पट्टा सरक. दाब. उचल. हात दिसला तर थांब. प्रेसवर उभा असलेला साधा माणूससुद्धा ते वाचू शकत होता. भाषेला नाव दिलं होतं 'हुकूम'.

"का केलंस हे?" मी विचारलं.

"माणूस आठ तास मशीनसमोर उभा राहतो आणि मशीनच्या पोटात काय लिहिलंय ते त्याला कळत नाही," ती म्हणाली. "बिघडलं की पुण्याच्या माणसाची वाट बघत बसायचं. मला ते बरं वाटत नाही."

नानासाहेबांनी तिला बोलावून घेतलं, खोली दिली, पगार सुरू केला आणि पुढची काही वर्षं तिच्या कामात डोकावले नाहीत. हे त्यांचं मोठेपण होतं, आणि ते विसरून पुढची गोष्ट सांगता येणार नाही. हुकूम हळूहळू चिकलठाण्यातल्या, वाळूजमधल्या, शेंद्र्याकडच्या छोट्या वर्कशॉपांत गेली. जहांआरा सुधारणा करत राहिली. एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन, एक पॉइंट तीन. नवा नंबर आला की आमचा सांडू पेन ड्राइव्ह घेऊन मोटरसायकलवर निघायचा, पेटीला लावायचा, आणि चहा व्हायच्या आत मशीन पुन्हा सुरू.

एकदा मी तिला विचारलं होतं, की दोन कधी येणार. ती म्हणाली, "देवाच्या कृपेनं न येवो. पॉइंटनंतरचा आकडा बदलला, म्हणजे आपण लोकांना सांगतो की डोळे झाकून घ्या, तुमचं जुनं लिहिलेलं सगळं होतं तसंच चालेल. पॉइंटच्या आधीचा, पहिला आकडा बदलला, म्हणजे सांगतो की थांबा, तुमची एकेक ओळ पुन्हा वाचा, काहीतरी पहिल्यासारखं राहिलेलं नाही. लोकांना आपण नवीन काय दिलं यावर तो आकडा ठरत नाही. त्यांच्याकडचं काय मोडलं यावर ठरतो."

पेटीतच तिनं तशी सोय केली होती. पहिला आकडा बदललेला दिसला की पेटी जुना प्रोग्राम चालवायचीच नाही. कुणीतरी जबाबदार माणसानं तो ओळीनं वाचून पुन्हा मंजूर करायचा, मगच मशीन हलणार.

मग एक मोठी कंपनी आमच्याकडे आली. तिला सुटे भाग पुरवणारी कितीतरी वर्कशॉपं होती, आणि त्या सगळ्यांकडे एकसारख्या पेट्या बसवायचा तिचा विचार होता. त्यांच्या इंजिनिअरांनी हुकूमची मोठी तपासणी करून 'हुकूम एक'ला मंजुरीही दिली. फक्त एक मागणी होती: वेग वाढवा. प्रेस खाली येत असताना माल पुढं नेणारा पट्टा रिकामा उभा राहतो, तो त्या वेळातच पुढं सरकला पाहिजे.

जहांआरानं ते जमवलं. आधी हुकूममध्ये एका वेळी एकच काम चालायचं. आता 'दाब' म्हटलं की प्रेसचा रॅम, म्हणजे वरून खाली येणारा तो जड ठोकळा, स्वतंत्रपणे आपलं काम करायचा आणि बाकीचा प्रोग्राम पुढं चालू राहायचा. तिनं आम्हाला ते चालवून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा मला आठवतो. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. मोठ्या कंपनीचे इंजिनिअर आले, बघून गेले, आणि त्यांनी लगेच आपले नवे प्रोग्राम लिहायलाही घेतले.

दोन-चार दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. "'थांब'चा अर्थ बदललाय," म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. आधी 'थांब' म्हटलं की सगळंच थांबायचं, कारण चालू असलेलं काम एकच असायचं. आता 'थांब' म्हटलं की प्रोग्राम थांबेल, पण आधीच निघालेला रॅम थांबणार नाही. तो आपलं काम पुरं करूनच वर जाईल. सगळंच थांबवायचं असेल तर तिनं नवा हुकूम ठेवला होता, 'सगळं थांब'. नवे प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे माहीत असणार. जुने प्रोग्राम मात्र आपल्या जागी तसेच राहणार होते, त्यांच्यात 'हात दिसला तर थांब' असंच लिहिलेलं असणार होतं.

"मग जुना अर्थ परत आण," मी म्हणालो.

"आणला असता. पण त्या लोकांनी नव्या अर्थानं लिहायला सुरुवात केलीय." मग म्हणाली, "आणि खरं सांगू का, तो अर्थ मीच निवडला. प्रत्येकानं आपापल्यापुरतं थांबावं हे मला दिसायला नीट वाटलं. जुन्यांचा विचार मी तेव्हा केला नाही."

ती नानासाहेबांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मीही सोबत होतो. तिनं उभ्यानंच सांगितलं की ही आवृत्ती एक पॉइंट नऊ म्हणून जाणार नाही, दोन म्हणून जाईल.

नानासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरी, त्यांची मंजुरी हुकूम एकला आहे. दोन म्हटलं की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. वर्ष जाईल. तोवर ते दुसरा कुणी बघतील."

"मग 'थांब'चा जुना अर्थ परत आणते. त्यांनी आपलं नवं लिहिलेलं बदलावं."

"मी त्यांना शब्द दिलाय. त्यांनी बघितलंय ते, त्यांना आवडलंय. आता म्हणू, की आमची चूक झाली?"

"हो."

"आणि जुनी वर्कशॉपं? दोन म्हटलं की प्रत्येक मशीन बंद पडणार, तपासून होईपर्यंत. लोक मला शिव्या घालतील. आकडाच तर आहे, जहांआरा. एक पॉइंट नऊ काय आणि दोन काय. आत जे आहे ते तेच राहतंय."

"आत तेच आहे, म्हणूनच बाहेर खरं लिहायला पाहिजे," ती म्हणाली.

नानासाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या भाषेला कुणी विचारत नव्हतं तेव्हा मी विचारलं. एवढ्या वर्षांत तुला कधी काही मागितलं का? आज मागतोय. जुन्या गिऱ्हाइकांना आपण छापील सूचना देऊ. सांडू समक्ष सांगेल. झालं?"

ती म्हणाली, "प्रत्येक ठिकाणी समक्ष सांगायचं. मालकाला नाही. मशीनवर जो उभा असतो त्याला."

"दिला शब्द," नानासाहेब म्हणाले.

हुकूम एक पॉइंट नऊ बाहेर पडली. सांडू सूचनेचे कागद घेऊन हिंडला. पण वर्कशॉपात शिरलं की आधी मालक भेटतो. मालक कागद घेतो, वाचतो म्हणतो, खणात टाकतो. सांडूला पुढच्या ठिकाणी जायचं असतं, आणि मशीनवरचा माणूस नेमका तेव्हा पाळीवर नसतो. पहिले काही दिवस सांडूनं आग्रह धरला, नंतर सोडून दिला. पहिला आकडा एकच असल्यामुळे पेट्यांनीही कुणाला अडवलं नाही. चहा व्हायच्या आत मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

शेंद्र्याच्या रस्त्याला काकासाहेब नावाच्या गृहस्थांचं वर्कशॉप होतं. तिथं कडूबा प्रेसवर असायचा. पलीकडच्याच गावचा, चाळिशीचा माणूस. थोडी शेती भावाकडे सोपवून तो कारखान्यात आला होता. आमच्या शिकवणीच्या वर्गात तो पुढं बसायचा, आणि हुकूममधल्या ओळी मोठ्यानं वाचायचा, म्हणून माझ्या लक्षात होता. मोठ्या कारखान्यांत हात आत गेला तर प्रेस थांबवायला वेगळी तार असते, तिचा प्रोग्रामशी संबंध नसतो. काकासाहेबांच्या जुन्या प्रेसला ती नव्हती. तिथं सेन्सरला हात दिसायचा आणि प्रोग्राम प्रेस थांबवायचा, एवढीच सोय. पत्र्याचा तुकडा अडकला की कडूबा हात घालून काढायचा. सगळेच काढायचे. रॅम अर्ध्यात थांबतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

त्या दिवशी दुपारी तुकडा अडकला. कडूबानं हात घातला. सेन्सरला हात दिसला, प्रोग्राम थांबला. रॅम खाली आला.

बातमी आमच्याकडे काकासाहेबांच्याच फोनवरून आली. जहांआरानं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पेटीवर नंबर काय आहे?" मी विचारलं. एक पॉइंट नऊ.

आम्ही घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कडूबाचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला होता. तो ग्लानीत होता. त्याची बायको आशाबाई बाहेर फरशीवर बसली होती. जहांआरा तिच्याजवळ खाली बसली, आणि आपण कोण ते तिनं सांगितलं. मला वाटलं होतं ती नाव सांगणार नाही.

आशाबाईनं तिच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "ताई, ह्ये मला घरी सांगायचे. मशीन लई हुशार हाय, हात दिसला की थांबतंय. पोरांना करून दाखवायचे. मंग आज का नाय थांबलं?"

"मी ते बदललं होतं," जहांआरा म्हणाली.

"ह्यांना सांगितलं व्हतं का?"

"नाही. त्यांच्यापर्यंत पोचलं नाही."

आशाबाईनं मान हलवली, जणू काही तिला कुणी गावचा रस्ता सांगितला होता, आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांनी जहांआराला बोलावलं. मला आणि सांडूलाही. केबिनचं दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, "कारखाने निरीक्षक येणार आहेत. काकासाहेब आपल्यावर ढकलतोय. मी विचार केलाय. तुझंच बरोबर होतं, जहांआरा. ती आवृत्ती दोनच होती. आपण तिला दोन म्हणू."

"म्हणजे?"

"वेबसाइटवर, सूचनेवर, आपल्या कॉम्प्युटरवर, सगळीकडे. एक पॉइंट नऊ कधी नव्हतीच. दोन होती. काकासाहेबाच्या पेटीवर दिसतोय तो नंबर छापण्यातली चूक. दोन होती म्हणजे प्रोग्राम तपासायची जबाबदारी वर्कशॉपची. तपासला नाही, त्यांचा दोष. तुझाच नियम आहे हा."

सांडू खाली बघत होता. जहांआरा म्हणाली, "दोन असती तर पेटी चाललीच नसती. कडूबाचा हात आज जागेवर असता."

"ते आता होऊन गेलं. तुला दोन पाहिजे होतं ना? घे दोन."

"मला ते आधी पाहिजे होतं, नानासाहेब. त्या माणसाला सावध करायला पाहिजे होतं. आता त्याच आकड्यानं त्याला खोटं पाडायचं?"

"त्याला नाही. काकासाहेबाला."

"काकासाहेब उद्या म्हणतील, कडूबानं नियम मोडून हात घातला. शेवटी त्याच्यावरच येणार."

नानासाहेब उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "इथं चाळीस घरं चालतात. ह्याचं घर चालतं," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सांडूचं चालतं. फारूखच्या पोरीनं मला हे दिवस दाखवावेत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज बदलला नाही. "ती एक पॉइंट नऊ होती. मी तशी जाऊ दिली. आता तिचं नाव बदलणार नाही."

निरीक्षक आले तेव्हा तिनं सगळं आमच्यासमोर सांगितलं. काय बदललं, आपल्याला ते कधी कळलं, नंबर छोटा का ठेवला. नानासाहेबांचा दोष तिनं लपवला नाही आणि स्वतःचाही नाही. निरीक्षकांना भाषेतलं फारसं समजलं नसावं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे तुम्ही मान्य करता?" आणि ती दोन्ही वेळा हो म्हणाली.

मोठ्या कंपनीनं मंजुरी काढून घेतली. वर्षाच्या आत चिकलठाण्याची जागा रिकामी झाली. चाळीस घरांचं नानासाहेब म्हणाले होते ते खोटं नव्हतं. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. सांडूला बरेच दिवस मिळाली नाही, आणि तो जहांआराचं नाव निघालं की उठून जायचा. कितीतरी जण तिला दुष्ट म्हणाले. काही जण तिच्या नावावरून, घराण्यावरून बोलले, ते मी इथं लिहीत नाही. नानासाहेब देवगावला परत गेले. फारूखभाई त्यांना भेटायला गेले होते. ओट्यावर चहा मिळाला, पण घरात बोलावणं झालं नाही. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती त्या चहावर संपली.

काकासाहेबांवर खटला उभा राहिला, आमच्या कंपनीवरही, आणि तो वर्षानुवर्षं चालत राहिला. कडूबाला काही दिवस एका गोदामाच्या फाटकावर बसवलं होतं, नंतर तेही सुटलं.

जहांआरा घरी बसून होती. तिची आई सगीरा मला म्हणाली, "खाना नक्को बोलती, बातां नक्को बोलती. बस बैठी रहती." मी गेलो तेव्हा ती दुकानाच्या मागं लॅपटॉप उघडून बसली होती. म्हणाली, दोन करतेय.

हुकूम दोनमध्ये नवीन काहीच नव्हतं. 'थांब'ला जुना अर्थ परत दिला होता, एवढंच. मी म्हणालो, मग हिला दोन कशाला म्हणतेस, जुन्यावर तर परत आलीस. ती म्हणाली, "नऊवर ज्यांनी लिहिलंय त्यांचं यानं मोडणार. रॅम मध्येच थांबेल, माल वाया जाईल. त्यांनाही कळायला पाहिजे. आणि या वेळी पेटीनं सगळ्यांना अडवलं पाहिजे."

मग ती स्वतः निघाली. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायचो, माझ्या गाडीवर. एकेका वर्कशॉपात जाऊन ती मशीन बंद करायला लावायची, मशीनवरच्या माणसाला शेजारी उभं करून त्याच्याकडून एकेक ओळ वाचून घ्यायची, मगच दोन टाकायची. काही ठिकाणी लोकांनी पाणी विचारलं. काही ठिकाणी, "तुम्हीच ना त्या, ज्यांच्यामुळं त्या माणसाचा हात गेला?" असं विचारून फाटकातूनच परत पाठवलं. ती वाद घालायची नाही. पुन्हा जायची. वाळूजला एका मालकानं तिसऱ्या खेपेला आत घेतलं.

कडूबाकडे ती एकटीच जायची. काय बोलणं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, की तो डाव्या हातानं जेवायला अजून लाजतो, माणसं असली की ताटावर बसत नाही.

हुकूम आता कुणी विकत घेत नाही, आणि तिनंही कुणाला दिली नाही. ती एका कॉलेजात तासांवर शिकवते. पण काम अजून संपलेलं नाही. नऊ असलेल्या पेट्यांतली एक तिला सापडत नाही. ते वर्कशॉप बंद पडलं, मालकानं प्रेस पेटीसकट जालन्याच्या एका भंगारवाल्याला विकली, आणि त्यानं ती चालू हालतीत पुढं कुणाला तरी दिली. आम्ही जालन्याला जाऊन आलो. भंगारवाल्याला गिऱ्हाइकाचं नाव आठवत नव्हतं. "परभणीकडचा होता बहुतेक," एवढं म्हणाला. ती दर महिन्याला त्याला फोन करते. आता तो तिचा नंबर ओळखतो आणि बहुतेक वेळा उचलत नाही.